बर्फाखालचें अरण्य

१९१२ सालच्या फेब्रुवारी महिन्याची ८ तारीख. दक्षिण ध्रुवाहून परत फिरलेले पांच ब्रिटिश प्रवासी बिअर्डमोर नांवाच्या प्रचंड हिमनदीवरून खालीं उतरत होते. ध्रुव त्यांनीं १७ जानेवारीस गाठला होता खरा. परंतु नॉर्वेचा अमुंडसेन महिनाभर आधींच तेथें येऊन गेल्याचें त्यांना कळून चुकलें होतें. आतां शिधा मोजका उरला होता, एडगर इव्हान्स या धिप्पाड खलाशाची प्रकृति ढासळत चालली होती, आणि मुक्कामाची जागा अद्याप शेंकडों मैल दूर होती. स्लेज म्हणजे बर्फावरून ओढावयाची बिनचाकी गाडी. ती हे पांच जण स्वतःच्या अंगाला पट्टे बांधून ओढीत होते. अशा प्रसंगीं गाडीवरचा भार जेवढा कमी करतां येईल तेवढा करावा, हें कोणीहि सांगेल. या मंडळींनीं नेमकें उलट केलें. बकली पर्वताच्या कड्याखालीं वाऱ्याचा आडोसा पाहून ते थांबले, आणि डॉक्टर विल्सन यांनीं तेथें पडलेल्या दगडांतून निवडक दगड वेंचून गाडीवर चढविले. त्या प्रवासांत गोळा केलेल्या दगडांचें वजन पस्तीस पौंड भरलें.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. १७ फेब्रुवारीस इव्हान्स गेला. मार्चच्या मध्यास कॅप्टन ओट्स, आपल्या निकामी झालेल्या पायांमुळें सोबत्यांचा खोळंबा होऊं नये म्हणून, बर्फाच्या वादळांत तंबूबाहेर निघून गेला तो परत आला नाहीं. उरलेल्या तिघांनीं, म्हणजे कॅप्टन स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स यांनीं, त्या वेळीं सामान हलकें केलें. थिओडोलाइट हें मोजणीचें यंत्र, एक कॅमेरा आणि ओट्सची झोपण्याची पिशवी हीं त्यांनीं मागें ठेविलीं. दगड मात्र, विल्सन यांच्या खास विनंतीवरून, गाडीवर तसेच राहिले. मार्चअखेरीस, अन्नाच्या मोठ्या कोठारापासून अवघ्या अकरा मैलांवर, तिघांचाहि तंबूंतच अंत झाला. नोव्हेंबरच्या १२ तारखेस शोधपथकाला तो तंबू सांपडला, तेव्हां दगडहि सांपडले. मरणाच्या दारापर्यंत ज्यांचा भार वाहिला, त्या दगडांत असें होतें तरी काय?

त्यांत होतीं झाडांचीं पानें. केंब्रिज विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट सिवर्ड यांनीं ते ठसे तपासून १९१४ सालीं आपला निर्णय प्रसिद्ध केला. लांबट, जिभेच्या आकाराचें पान. मधोमध एक ठळक शीर, आणि तिच्यापासून दोन्ही कडांपर्यंत पसरलेलें बारीक शिरांचें जाळें. या वनस्पतीस १८२८ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञ ब्राँन्यार यांनीं ग्लॉसॉप्टेरिस असें नांव दिलें होतें. ग्रीक भाषेंत ग्लॉसा म्हणजे जीभ आणि टेरिस म्हणजे नेचा. ही वनस्पति नेचा नसून बी धरणारा वृक्ष होता असें पुढें ठरलें, तरी नांव तेंच राहिलें. सिवर्ड यांनीं ओळखलेल्या जातीचें पुरें नांव होतें ग्लॉसॉप्टेरिस इंडिका, म्हणजे हिंदुस्थानची जिव्हापर्णी! बिअर्डमोरच्या परिसरांत आज गवताची काडी उगवत नाहीं. तेथल्या कड्यांत पंचवीस कोटि वर्षांहून जुन्या वृक्षांचीं पानें निघावीं, आणि त्यांची ओळख हिंदुस्थानच्या नांवानें पटावी, ही गोष्ट चमत्कारिक खरी. परंतु चमत्कार म्हणून ती सोडून देणें शास्त्राला परवडणारें नव्हतें.

या जिव्हापर्णीचे ठसे बंगालच्या कोळशाच्या खाणींत मिळाले, तसे महाराष्ट्रांतहि मिळाले आहेत. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आले. त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना दगडांचा छंद होता. नागपूर-कामठीकडील वालुकाश्माच्या खाणींतून त्यांनीं वनस्पतींचे ठसे जमविले आणि लंडनला धाडले. बन्बरी यांनीं १८६१ सालीं त्यांचें वर्णन छापलें. १८६३ सालीं हिस्लॉप यांचा नागपूरजवळच पाण्यांत बुडून मृत्यु झाला. त्यांचें नांव नागपूरच्या महाविद्यालयाला आहे, पण त्यांनीं जमविलेल्या पानांची आठवण थोड्यांनाच असेल. या सर्व थरांच्या मालिकेला भूगर्भशास्त्रज्ञांनीं गोंडवन हें नांव दिलें तें गोंड लोकांच्या प्रदेशावरून. पुढें तींच पानें दक्षिण आफ्रिकेंत, दक्षिण अमेरिकेंत आणि ऑस्ट्रेलियांतहि सांपडत गेलीं, तेव्हां व्हिएन्नाच्या एडुआर्ड झ्यूस यांनीं १८८५ सालीं या साऱ्या भूभागांना मिळून गोंडवन-भूमि असें नांव दिलें. मध्य प्रांतांतील रानावनांतलें एक नांव असें अर्ध्या पृथ्वीला लागलें.

चांदा जिल्ह्यांतून आणखी एक पुरावा पुढें आला होता. चांद्याचा उन्हाळा ज्यानें अनुभवला आहे, त्याला तो ऐकून हसूंच येईल. पैनगंगेच्या पात्रांत इरई गांवाजवळ फेडन या भूगर्भशास्त्रज्ञाला चुनखडीचा एक सपाट खडक दिसला. त्यावर समांतर ओरखडे होते, आणि वर मातींत रुतलेले लहानमोठे धोंडे. असे ओरखडे पाण्यानें पडत नाहींत. हिमनदी आपल्या तळाशीं दगड धरून शतकानुशतकें सरकत जाते, तेव्हांच खालचा खडक असा घासला जातो. म्हणजे चांद्याच्या भूमीवरून एकेकाळीं बर्फ वाहत होतें, आणि तें ओसरल्यावर तेथें जिव्हापर्णीचीं अरण्यें वाढलीं. आज जेथें बर्फ आहे तेथें अरण्य, आणि आज जेथें माणसाला उन्हाची झळ लागते तेथें बर्फ! हा उलटा व्यवहार झाला कसा?

झ्यूस यांचें उत्तर असें, कीं या खंडांना जोडणारी विस्तीर्ण भूमि पूर्वीं होती आणि ती पुढें महासागरांत बुडाली. परंतु खंडांचे खडक सागराच्या तळाच्या खडकांहून हलके असतात; लांकूड जसें पाण्यावर तरंगतें तसे ते खालच्या जड थरावर तरंगतात. लांकडाचा ओंडका पाण्यांत बुडावा कसा? दुसरें उत्तर जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर यांनीं दिलें. भूमि बुडाली नाहीं, ती फुटली आणि तिचे तुकडे दूर सरकले, असें त्यांचें म्हणणें. हा विचार त्यांनीं प्रथम फ्रँकफुर्ट येथील व्याख्यानांत मांडला तो ६ जानेवारी १९१२ रोजीं. त्याच दिवशीं, वेगेनर यांच्या ध्यानींमनींहि नसतां, स्कॉट आणि त्यांचे सोबती ध्रुवाच्या पठारावर गाडी ओढीत होते. आणि महिन्याभरांत त्यांनीं जे दगड वेंचले, ते वेगेनर यांच्याच बाजूची साक्ष देणारे ठरले. बियांनीं वाऱ्यावर बसून महासागर ओलांडावेत हें असंभवनीय. मग झाडें एकाच भूमीवर वाढलीं आणि भूमि दुभंगली, हेंच सरळ दिसतें.

तरीहि वेगेनर यांचें म्हणणें त्यांच्या हयातींत मान्य झालें नाहीं. खंड सरकवील अशी शक्ति कोणती, हा प्रश्न विरोधकांनीं विचारला, आणि त्याला पटेल असें उत्तर वेगेनर यांच्यापाशीं नव्हतें. तें मिळण्यास १९६० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं. महासागरांच्या मध्यभागीं तळ दुभंगतो, तेथें पृथ्वीच्या पोटांतला रस वर येऊन नवा तळ तयार होतो, आणि दोन्ही बाजूंचे भूभाग वर्षाला बोटभर, दोन बोटें असे दूर ढकलले जातात, हें त्या वेळीं सिद्ध झालें. १९६९ च्या डिसेंबरांत अमेरिकन शास्त्रज्ञांना दक्षिण ध्रुवखंडांतील कोलसॅक ब्लफ या ठिकाणीं लिस्ट्रोसॉरस नांवाच्या प्राण्याचीं हाडें सांपडलीं. हा जमिनीवर चालणारा, ठेंगणा, दोन सुळ्यांचा चतुष्पाद प्राणी. त्याचे अवशेष दक्षिण आफ्रिकेंत आणि भारतांतहि सांपडले होते. पानांविषयीं कोणाला शंका उरलीच असती, तर या प्राण्यानें ती फेडली. चार पायांचा प्राणी महासागर पोहून जात नाहीं.

ध्रुवाजवळच्या त्या अरण्याविषयीं एक शंका मात्र श्रोत्यांच्या मनांत येईल. त्या काळींहि तो भाग ध्रुवाच्या जवळपासच होता. मग सहा सहा महिन्यांच्या रात्रींत झाडें जगलीं कशीं? याचें उत्तर दगड झालेल्या खोडांतच सांपडतें. त्यांच्या गाभ्यांत वर्षावर्षाचीं वलयें स्पष्ट दिसतात. उन्हाळ्याच्या अखंड उजेडांत झाडें झपाट्यानें वाढत आणि अंधार पडूं लागला कीं वाढ थांबवीत. पानांचे ठसे थरांवर थर असे साचलेले मिळतात, त्यावरून रात्र येण्यापूर्वीं झाडें पानें गाळून टाकीत असावींत असें दिसतें. त्या पानांचा आणि खोडांचा कोळसा झाला. शॅकल्टनच्या तुकडींतील फ्रँक वाइल्ड याला १९०८ सालींच बिअर्डमोरच्या माथ्याकडे कोळशाचे थर दिसले होते.

वेगेनर यांचा शेवटहि बर्फावरच झाला. १९३० सालीं ते ग्रीनलंडच्या हिमपठारावर संशोधकांची तुकडी घेऊन गेले. पठाराच्या मध्यभागीं, किनाऱ्यापासून सुमारें अडीचशें मैलांवर, त्यांचें आइसमिटे नांवाचें ठाणें होतें. तेथल्या माणसांना शिधा पोंचविण्यासाठीं ते स्वतः निघाले, पोंचले, आणि १ नोव्हेंबर रोजीं, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशीं, रास्मुस व्हिलुमसेन या ग्रीनलंडवासी सोबत्यासह परत फिरले. दोघेहि किनाऱ्यास आले नाहींत. वेगेनर यांचा देह पुढच्या मे महिन्यांत बर्फांत नीट पुरलेला आढळला. त्यांना पुरणारा व्हिलुमसेन मात्र कधींच सांपडला नाहीं. ठाण्यावर राहिलेल्या तिघांनीं बर्फ खोदून केलेल्या गुहेंत तो हिंवाळा काढला. त्यांतील एर्न्स्ट झोर्गे यानें त्या अवधींत पन्नास फूट खोल विवर खणलें आणि बर्फाचे थर एकेक करून तपासले. दरसालच्या हिमाचा थर निराळा ओळखूं येतो आणि खालीं जावें तसा तो दाबला जातो, हें त्यानें मोजून दाखविलें. बर्फ म्हणजे पृथ्वीची रोजनिशी, ही कल्पना त्या विवरांतून पुढें आली.

त्या रोजनिशीचीं सर्वांत जुनीं पानें दक्षिण ध्रुवखंडावर आहेत. त्या खंडाचा विस्तार सुमारें १ कोटि ४० लक्ष चौरस किलोमीटर, आणि त्यावरील बर्फाची जाडी सरासरीनें दोन किलोमीटरांच्या आसपास. पडलेलें हिम वरच्या भारानें दाबलें जाऊन त्याचें बर्फ होतें, तेव्हां कणांमधली हवा बुडबुड्यांच्या रूपानें आंत कोंडली जाते. १९६५ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद लोरियस यांनीं संध्याकाळीं पेल्यांत जुन्या बर्फाचा तुकडा टाकला आणि त्यांतून फुटणारे बुडबुडे पाहून त्यांच्या मनांत आलें, कीं ही तर त्या काळची हवा! बर्फांत पोकळ नळीसारखें यंत्र उतरवून त्याचा लांबच लांब दंडगोल काढावयाचा आणि त्यांतली हवा तपासावयाची, या उद्योगाला त्यांनीं आयुष्य वाहिलें. उष्णतामान कसें कळतें, तेंहि सांगितलें पाहिजे. पाण्याचे कांहीं कण इतरांहून किंचित् जड असतात, आणि हवा जितकी थंड तितके हे जड कण ध्रुवापर्यंत कमी पोंचतात. म्हणून त्यांचें प्रमाण मोजलें कीं त्या वर्षींची थंडी कळते.

रशियाच्या व्होस्टॉक ठाण्यावर १९८३ च्या जुलैंत शून्याखालीं ८९.२ अंश इतकी थंडी नोंदली गेली. पृथ्वीवरील ठाण्यांत याहून नीच अंक कोठेंहि नोंदलेला नाहीं. तेथल्या दंडगोलानें गेल्या ४ लक्ष २० हजार वर्षांचा इतिहास उलगडला. पुढें युरोपांतील राष्ट्रांनीं डोम सी येथें ८ लक्ष वर्षांपर्यंत मजल मारली, आणि १९२५ नव्हे तर अगदीं अलीकडे, २०२५ च्या जानेवारींत, १२ लक्ष वर्षांहून जुनें बर्फ हातीं आल्याचें जाहीर झालें. या साऱ्या नोंदींचा निष्कर्ष थोडक्यांत असा. कर्बद्विप्राणिद, ज्याला आतां कार्बन डायॉक्साइड म्हणतात, तो वायु आणि पृथ्वीचें उष्णतामान हीं जोडीनें चढतात आणि जोडीनें उतरतात. गेल्या ८ लक्ष वर्षांत हवेच्या दर दहा लक्ष भागांत हा वायु १८० आणि ३०० भागांच्या दरम्यान राहिला. आज तो ४२० च्या वर गेला आहे, आणि ही वाढ कोळसा व तेल जाळूं लागल्यापासूनच्या अवघ्या दोन-अडीच शतकांतली आहे. पंचवीस कोटि वर्षांपूर्वीं गोंडवनाच्या झाडांनीं जो कर्ब भूमींत पुरून ठेविला, तोच वर्धेच्या खोऱ्यांतील खाणींतून काढून मनुष्य हवेंत परत सोडीत आहे.

ध्रुवावरच्या हवेनें आणखी एक धोक्याची सूचना दिली. हॅली येथील ब्रिटिश ठाण्यावर १९५७ च्या सुमारापासून वरच्या हवेंतील ओझोन वायु नेमानें मोजला जात होता. सूर्याच्या घातक किरणांपासून जीवसृष्टीचें रक्षण करणारा हा वायु. वर्षानुवर्षें तेच तेच अंक लिहिण्याच्या या रुक्ष कामाचें फळ १९८५ सालीं दिसलें. फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनीं त्या वर्षीं दाखवून दिलें, कीं दर ऑक्टोबरांत तेथला ओझोन पूर्वींपेक्षां सुमारें एक तृतीयांशानें घटत आहे. शीतपेट्यांत आणि फवाऱ्यांत वापरले जाणारे वायु ध्रुवावरच्या अतिथंड ढगांच्या संगतीनें तो नष्ट करतात, हें कोडें उलगडण्यांत सुझन सॉलोमन या अमेरिकन विदुषींचा वांटा मोठा. १९८७ सालीं माँट्रियल येथें राष्ट्रांनीं करार केला, त्या वायूंची निर्मिति थांबत गेली, आणि ओझोनचें आवरण हळूहळू भरून येत आहे. याच सॉलोमनबाईंनीं पुढें स्कॉट यांच्या हवामानाच्या नोंदी अभ्यासिल्या आणि २००१ सालीं असें मांडलें, कीं १९१२ चा मार्च महिना त्या प्रदेशाच्या मानानेंहि असाधारण थंड होता. त्या मृत्यूंचा दोष पस्तीस पौंड दगडांवर टाकणें तेव्हांपासून अधिकच कठीण झालें आहे.

सर्वच कष्टांचें फळ मिळतें असें मात्र नाहीं. १९११ च्या ऐन हिंवाळ्यांत, सूर्य उगवतच नाहीं अशा दिवसांत, विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे केप क्रोझियर येथें सम्राट पेंग्विन पक्ष्याचीं अंडीं आणण्यास गेले होते. शून्याखालीं साठ अंशांची थंडी, वादळांत उडालेला तंबू, कडाकडा वाजून फुटणारे दांत, असें सर्व सोसून पांच आठवड्यांनीं ते परतले तें तीन अंडीं घेऊन. पक्षी हे सरपटणाऱ्या प्राण्यांपासून झाले याचा पुरावा गर्भांत मिळेल अशी आशा होती. तपासणीचा वृत्तांत १९३४ सालीं निघाला, आणि त्यांत तसें विशेष कांहीं आढळलें नाहीं. त्याच समुद्रांतील माशांनीं मात्र, कोणाची अपेक्षा नसतां, मोठें रहस्य दाखविलें. तेथलें खारें पाणी शून्याखालीं जवळजवळ दोन अंशांवर असतें. माशाचें रक्त त्याआधींच गोठावयास हवें. त्या माशांच्या रक्तांत बर्फाचा स्फटिक वाढूं न देणारें द्रव्य असतें, असें १९६० नंतरच्या संशोधनानें सिद्ध झालें. तेथल्या एका कुळांतील माशांच्या रक्तांत तर तांबडें रंजकद्रव्यच नाहीं. थंड पाण्यांत प्राणवायु भरपूर विरघळलेला असल्यामुळें त्यांचें पाण्यासारखें रक्तहि पुरतें.

या संशोधनांत भारत उशिरा, पण निश्चयानें उतरला. डॉक्टर सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालीं पहिली तुकडी ६ डिसेंबर १९८१ रोजीं गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजीं ध्रुवखंडावर उतरली. दक्षिण गंगोत्री हें पहिलें ठाणें बर्फावरच बांधलें होतें, आणि कांहीं वर्षांतच बर्फानें तें गिळलें. तो धडा घेऊन मैत्री आणि भारती हीं पुढचीं ठाणीं खडकावर उभारण्यांत आलीं. भारती ज्या लार्समन टेकड्यांवर आहे, तो भाग गोंडवन अखंड असतांना भारताच्या पूर्वकिनाऱ्याला भिडलेला होता. तेथल्या खडकांचें नातें पूर्वघाटाच्या खडकांशीं लागतें. गोव्यांत वास्को येथें ध्रुवीय संशोधनाचें राष्ट्रीय केंद्र आहे. बाहेर माडांच्या झावळ्यांवर ऊन तळपत असतां आंत शून्याखालीं वीस अंशांच्या दालनांत ध्रुवावरून आणलेलें बर्फ जपून ठेविलें जातें आणि कापून तपासलें जातें.

बर्फाची ही चौकशी दूरची वाटली, तरी तिचा हिशेब जवळचाच आहे. दक्षिण ध्रुवखंडावरचें सारें बर्फ वितळलें तर जगांतील समुद्र सुमारें ५८ मीटर चढेल. तसें होण्यास हजारों वर्षें लागतील. परंतु त्या खंडाचें बर्फ घटत आहे, हें २००२ पासून कृत्रिम उपग्रहांच्या मोजणीनें दिसून आलें आहे. एका मीटराची वाढसुद्धां मुंबईच्या भराव घातलेल्या जमिनीला आणि कोंकण-गोव्याच्या खाजणांना जड जाईल. किती चढेल आणि केव्हां, याचें उत्तर त्या बर्फांतूनच काढावयाचें आहे.

विल्सन यांना या गोष्टींपैकीं फारच थोड्या ठाऊक होत्या. वेगेनर यांचा सिद्धांत त्यांच्या कानांवर पोंचला नव्हता, आणि आपण उचललेलें पान नागपूरच्या खाणींतल्या पानाचें भावंड आहे याचा निर्णयहि त्यांच्या पश्चात् झाला. हातांतली वस्तु खरी आहे, ती पुन्हां मिळण्याजोगी नाहीं, आणि ती जाणत्या माणसापर्यंत पोंचली पाहिजे, एवढेंच त्यांनीं जाणलें. तेवढ्यासाठीं ते पस्तीस पौंड त्यांनीं शेवटच्या मुक्कामापर्यंत ओढीत नेले. आणि त्यांच्या पाठीमागें ते दगड जेथें जावयाचे तेथें पोंचले.